कडुनिंबात अडकलेली करवत

मित्रांनो, मी एक जुनी करवत आहे. सुताराची नव्हे, झाडावर चढून फांद्या छाटण्याची. बाळापूरच्या मोतीराम लोहाराने मोटारीच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्याच्या पोलादातून मला घडवलं. कानशीने एकेक दात काढला आणि एक डावीकडे, एक उजवीकडे असा किंचित वळवला. बाभळीची मूठ बसवून त्याने मला अमरावतीच्या एका सरकारी बागेत पाठवलं. ते साल एकोणीसशे चौपन्न.

तिथे मी देवमन वानखडेच्या हाती आले. देवमन अंजनगाव सुर्जीचा. बागेतली सगळी उंच झाडं तोच छाटायचा. फांदी जड असली की आधी खालून थोडी चीर द्यायचा आणि मग वरून कापायचा, म्हणजे फांदी पडताना खोडाची साल सोलून नेत नाही. काम झालं की माझ्यावरचा चीक पुसून तो मला जवसाचं तेल लावी. पाहुणे आले की म्हणत, "इथल्या झाडांवर जखमा दिसत नाहीत." देवमन खाली मान घालून हसायचा. बागेच्या मागे त्याला एक खोली मिळाली होती. तिथे तो आणि त्याची बायको भागीरथा राहत. छप्पन साली दोघांनी धम्म घेतला, तेव्हा भिंतीवर बुद्धाची तसबीर लागली. पुढची दोन-तीन वर्षं माझ्याही सुखाची होती.

एकोणसाठच्या पावसाळ्यात उद्धव मुकादमाने मला एका मुळावर चालवायला नेलं. करवत मुळावर चालवायची नसते, पण विचारतो कोण? काम झाल्यावर त्याने मला नळाखालच्या चिखलात टाकलं. तीन दिवस मी तिथे पडून होते. चौथ्या दिवशी देवमनने मला उचललं तेव्हा माझं पातं तांबडं झालं होतं.

"हिले गंज चढला," तो म्हणाला. "आज साफ करतो, उद्या चढतो."

"साहेब दुपारी येऊन राह्यले," उद्धव म्हणाला. "ते कडुनिंबाची फांदी आत्ताच पाह्यजे खाली."

देवमन चढला. फांदी अर्धी कापली आणि मी अडकले. पुढे सरेना, मागे येईना. त्याने जोराने ओढलं. माझी मूठ त्याच्या हातून निसटली, पाय घसरला, आणि तो बावीस फुटांवरून खाली गेला. मी वरच राहिले. खालची धावपळ, भागीरथेची किंकाळी, बाजेवर घालून त्याला नेणं, सगळं मी वरून पाहिलं. दोन दिवस मी त्या फांदीत तशीच अडकून होते.

देवमन वाचला, पण कमरेखाली सगळं निकामी झालं. दवाखान्यातून घरी आला आणि पंधरा दिवसांत चिठ्ठी आली: नोकरी संपली, सहा महिन्यांत खोली खाली करा.

पुढच्या उन्हाळ्यात, खोली सोडायची वेळ आली तेव्हाच, बागेत माळीकामाचा एक वर्षाचा वर्ग निघाला. शिकणाऱ्याला राहायला खोली, पास होणाऱ्याला पक्की नोकरी. अट चौथी पासची होती, आणि भागीरथा चौथी पास होती. तिने स्वतःच अर्ज लिहिला. कचेरीत कोणा कारकुनाला वाटलं, नावातला शेवटचा काना चुकून जास्तीचा पडला असावा. उत्तर आलं ते श्री. भागीरथ वानखडे यांना.

वर्गाचे मास्तर चिंतामणराव. कडक, नियमाचे. त्यांनी कागद पाहिला, मग तिच्याकडे पाहिलं.

"ज्यांचं नाव आहे ते कुठे आहेत?"

"मीच आहो जी. भागीरथा."

"बाई, हा वर्ग माणसांचा आहे."

"मंग मी कोन आहो?"

चिंतामणरावांनी कागद पुन्हा वाचला. शेवटी ते म्हणाले, "मी वर लिहून विचारतो. उत्तर येईपर्यंत बसा. नाही म्हणाले तर त्याच दिवशी जावं लागेल."

त्या दिवसापासून टपालवाल्याची सायकल फाटकाशी दिसली की भागीरथेच्या हातातलं काम थांबायचं. झाडांना आळी करणं, खत मिसळणं, रोपं लावणं, सगळ्यात ती पुढे होती. पण झाडावर चढणं आलं की ती सगळ्यांच्या मागे राही. पहिल्या दिवशी ती सहा फुटांवर जाऊन खोडाला मिठी मारून बसली. खाली बाकीचे हसत होते. हातात मी होते, देवमनची करवत म्हणून तिच्याच वाट्याला आलेली.

संध्याकाळी घरी येऊन तिने मला कोपऱ्यात फेकलं.

"मले हे करवत नोको. हिनंच पाडलं तुमाले."

"हिनं नाई पाडलं, गंजानं पाडलं," देवमन बाजेवरून म्हणाला. "आन ते इकडं, अन् कानसही दे."

उताणा पडूनच, मला छातीवर धरून त्याने माझे दात घासले. गंज त्याच्या सदऱ्यावर सांडत होता. मित्रांनो, पोलादाला रडता येत असतं तर मी तेव्हा रडले असते.

मग रोज संध्याकाळी बाजेवरून शिकवणी चाले. दोर कमरेला कसा घ्यायचा, कुठली फांदी भार घेईल, कुठली दगा देईल, फांदीच्या बुडाची सुजलेली वळी का कापायची नाही. "झाड तिथूनच आपली जखम भरते," तो सांगे. एक दिवस मात्र त्याने तोंड भिंतीकडे केलं. पडून पडून त्याच्या पाठीला जखमा झाल्या होत्या. तो म्हणाला, "मले अंजनगावले नेऊन टाक. तुह्या पायातली बेडी झालो मी."

भागीरथेने त्याच्याकडे पाहिलंच नाही. बाजेच्या पायाला दोर बांधत म्हणाली, "हे गाठ बराबर आहे का, तेवढं सांगा."

तो रडायला लागला. रडतच म्हणाला, "उलटी मारली. सोड, पुन्ना मार."

दहाव्या महिन्यात ते पत्र आलं. स्त्री उमेदवारास वर्गात ठेवता येत नाही, नाव तात्काळ कमी करावे. चिंतामणरावांनी ते दोनदा वाचलं, घडी करून खिशात ठेवलं आणि भागीरथेला बोलावलं.

"परीक्षा पुढच्या महिन्यात आहे. तुमची मी उद्या सकाळी घेणार."

"काहून जी?"

त्यांनी पत्र दाखवलं. "हे मला परवा मिळेल. उद्या तुम्ही वर्गातच आहात."

"मी पंधरा फुटाच्या वर अजून गेली नाई, साहेब."

"माझ्या हातात एवढंच आहे, बाई."

त्यांनी झाड निवडलं ते तेच कडुनिंब. दुसरं कुठलंही उंच झाड चाललं असतं, पण वाळलेली फांदी त्यालाच होती. भागीरथा लुगड्याचा कासोटा आवळून चढली. दोर बांधला. खालची चीर द्यायला लागली आणि भीतीने एक बोटभर खोल गेली. फांदीचा भार खाली आला, चीर मिटली आणि मी पुन्हा अडकले.

खाली सगळे झाडापासून मागे सरले. तिचा हात माझ्या मुठीवर घट्ट आवळला. ओढेल, आता ओढेल, असं मला वाटलं. तिने मूठ सोडली. ती मोठ्याने रडत होती, आणि रडत रडतच दुसरा दोर वरच्या फांदीवरून टाकून वाळल्या फांदीला बांधत होती. तो दोर ओढून तिने फांदी दोन बोटं वर उचलली. चीर उघडली आणि मी अलगद बाहेर आले. मग तिने वरून कापलं. फांदी पडली. साल कुठेही सोलली नाही.

चिंतामणरावांनी खोल चिरेचे सात गुण कापले, आणि तिला पास केलं.

पण मित्रांनो, सगळं लगेच नीट झालं नाही. दुसऱ्या दिवशी नाव कमी झालं, महिन्याभरात खोली गेली. बैलगाडीत देवमनला आणि मला घालून भागीरथा अंजनगावला आली आणि कापूस वेचायला जाऊ लागली. चिंतामणराव वर पत्रं लिहीत राहिले. बासष्टच्या उन्हाळ्यात देवमन गेला. प्रमाणपत्र आणि अकोल्याच्या नोकरीचा कागद त्यानंतर एकोणीस दिवसांनी आला. कागद हातात घेऊन ती त्या रिकाम्या बाजेवर बसली आणि दिवेलागणीपर्यंत उठली नाही.

म्हणून सांगते, शिकायला आलेल्या माणसाला ताटकळत ठेवू नका. कागदाला एकोणीस दिवसांचा उशीर काहीच नसतो, माणसाला तो फार असतो.

अकोल्यात पहिल्याच आठवड्यात तिला रस्त्याकडेचं एक जुनं चिंचेचं झाड छाटायला दिलं. झाडावर बाई पाहून लोक थांबले. पार्बताबाई नावाची एक म्हातारी डोक्यावरची पाटी सावरत अगदी बुंध्याशी आली आणि वर पाहून ओरडली, "कोन वं वर? काय करून राह्यली तिथं?"

"माळी आहो, माय," भागीरथा वरून म्हणाली. "बाजूले सर, फांदी येऊन राह्यली."