क्रॉसची आंघोळ

आर्नथ्वेट गावच्या चर्चच्या आवारात पुरुषभर उंचीचा दगडी क्रॉस आहे. वय हजार वर्षांच्या वर. त्यावर द्राक्षवेल आणि एक देवदूत कोरलेला होता. त्याच्याकडे गावाने कधी धड पाहिले नाही. फक्त एडविन रडॉक, निवृत्त पाथरवट, रोज पाहायचा.

यंदा नीटनेटक्या आवारांच्या स्पर्धेचे परीक्षक गुरुवारी येणार होते. चर्चचा कारभार पाहणाऱ्या मार्जोरी टिंडलबाईंना शेजारच्या गावाने तीनदा हरवले होते. आदल्या आठवड्यातच त्यांना क्रॉसवर शेवाळासारखे चढलेले पिवळे दगडफूल खुपले.

"ते काढू नका, बाई," एडविन म्हणाला. "आतून दगडाचं पीठ झालंय. वरचं कवच निघालं की नक्षी गेली."

"तुम्ही सगळ्यालाच नको म्हणता. बाकाच्या रंगालाही म्हणालात."

"बाकाला चेहरा नव्हता."

"ह्याला तरी कुठे दिसतोय?"

"बिशपच्या कचेरीची परवानगी घेतलीत?"

"ती बदल करायला लागते, एडविन. धुणं म्हणजे बदल नव्हे."

एडविनने पाद्रीबुवांना पत्र टाकले. बुवांकडे सात चर्च. त्यांनी दोन्ही पक्षांना आशीर्वाद पाठवले. मग एडविन घडीची खुर्ची टाकून क्रॉसपाशी बसला. दोन दिवस.

बुधवारी त्याच्या मोतीबिंदूचे ऑपरेशन होते. इस्पितळात न्यायला गाडी बाईंनीच ठरवून दिली. शेजारधर्म.

गाडी वळणावर जाताच बाईंच्या यजमानांनी, टिंडलसाहेबांनी, अंगण धुवायचे यंत्र आणले. पाण्याचा फवारा चाळीस मिनिटे चालला. आधी पिवळी राड वाहिली, मग तांबडी वाळू. बाईंना वाटले, मळ फारच होता.

गुरुवारी परीक्षकांनी बक्षीस शेजारच्या गावाला दिले. शेरा लेखी होता: तिथे जुन्या दगडांवरचे दगडफूल जपले आहे, आर्नथ्वेटचे पाच गुण त्याच मुद्द्यावर कापले.

शुक्रवारी एडविन डोळ्याला पट्टी बांधून आला. देवदूताच्या जागी गुळगुळीत खळगा होता. त्याने त्यात बराच वेळ बोटे फिरवली.

"तुम्हाला तो चेहरा पाठ असेल ना?" बाई म्हणाल्या. "पुन्हा कोरून द्या की."

"देतो. हजारेक वर्षं थांबाल?"

"पुढची स्पर्धा जूनमध्ये आहे, एडविन," बाई समजुतीच्या सुरात म्हणाल्या.