नोरीनचं अक्षर

हार्लन रोज दुपारी रन्झा, म्हणजे कोबी-खिमा भरलेला गरम पाव, घेऊन बायकोच्या कचेरीत, कोर्ट हाउसात यायला लागला, तेव्हा वेल्डाला हुरूपच आला. लग्नानंतर या माणसाने तिच्यासाठी कधी ट्रकचं दारसुद्धा उघडलं नव्हतं. आणि आता रोज डबा!

वेल्डाचं काम तळघरात. काउंटीच्या मालमत्ता कराची जुनी बाडं फिल्मवर उतरवायची आणि झालेली रद्दीत काढायची. एकदा ती हात धुऊन आली, तर हार्लन एका बाडावर वाकलेला. बोट ओळीवरून हळूहळू फिरत होतं.

अक्षर नोरीनचं होतं. हार्लनची पहिली बायको. वारण्याआधी कितीतरी वर्षं घरादारांच्या, गुरांच्या कराच्या याद्या याच कचेरीत तिनेच लिहिल्या होत्या. घरातले तिचे फोटो वेल्डाने केव्हाच माळ्यावर टाकले होते. इथलं हे अक्षर तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"सुरेख अक्षर होतं, नाही?" हार्लन म्हणाला.

वेल्डाने बाड फटकन मिटलं. "चल, खाऊन घेऊ, गार होतंय."

दुसऱ्या दिवशी तिने आधी नोरीनची बाडं उरकली. खजिनदार रॉइसने विचारलं, "यातलं एखादं हार्लनला हवं असेल का गं?"

"त्याला काय करायचंय!" म्हणत तिने ती बाडं रद्दीसाठी मागच्या दाराशी ढकलली.

दुपारी हार्लनने रिकाम्या फळीकडे पाहिलं, रन्झाचं पुडकं टेबलावर ठेवलं आणि निघून गेला. पुन्हा आलाच नाही. घरीही जेवायचा, ताट धुवायचा, झोपायचा. भांडला असता तर परवडलं असतं.

शेवटी रद्दीचा ट्रक दारात लागला, तशी वेल्डा धावत गेली आणि गठ्ठ्यातून नोरीनचं एक बाड ओढून काढलं. संध्याकाळी ते हार्लनपुढे आदळलं. "घे. बघत बस तुझ्या राणीचं अक्षर."

तो खरंच बघत बसला. वेल्डाला राहवेना. खुर्ची ओढून ती शेजारी टेकली.

"अक्षर झोकदार आहे, पण बाईचे एक आणि सात सारखेच."

हार्लन चमकला, मग खो खो हसत सुटला. "अगं, त्यापायीच ओटो क्राउसच्या अकरा गाईंच्या एकाहत्तर झाल्या! कर बघून काठी घेऊन आला कचेरीत. आणि आमची ही टेबलाखाली!"

"कोण ही?"

हार्लनने जीभ चावली. "ती."

"हं." वेल्डाने बाड थोडं आपल्याकडे सरकवलं. "मग? बाहेर कशी आली ती?"