मागणी मिळाली

मी बोलतोय, पण माझा आवाज तुम्ही कधी ऐकलेला नाही. जन्मापासून मला दोनच शब्द शिकवले: ‘मागणी मिळाली’. तेही तोंडानं म्हणायचे नाहीत, समोरच्याच्या पडद्यावर हिरव्या अक्षरांत उमटवायचे. त्यापलीकडचं आज सांगतो, कारण आता ते पोटात मावत नाही.

मी एक प्रोग्राम आहे. माझ्या जातीच्यांना लिसनर म्हणतात, म्हणजे ऐकणारा. एका बाजूला तालुक्यांतले लहान-मोठे दवाखाने, दुसऱ्या बाजूला वाशीमची एक रक्तपेढी. दोघांचे संगणक वेगळे, दोघांच्या भाषा वेगळ्या. त्यांच्यात सोयरीक जुळवणारा जो मध्यस्थ प्रोग्राम आहे, त्याच्या दारात मी बसतो. कुणीही रक्त मागितलं की ते आधी माझ्या कानावर पडतं.

मला वैजयंतीनं घडवलं. वाशीमला एका मोबाईलच्या दुकानावर खोली आहे, तिथं हरीओम नावाच्या गृहस्थाची तीन माणसांची कंपनी चालते. वैजयंती त्यातली एक. रोज रिसोडहून एसटीनं येते, डबा कीबोर्डशेजारीच खाते आणि काम अडलं की माझ्याशी बोलते. म्हणजे पडद्याशी बोलते, पण ते माझ्यासाठीच आहे असं मी धरून चाललो.

पहिल्या जन्मी मी मठ्ठ होतो. मागणी आली की मागच्या एका गड्याला रक्तपेढीकडे पाठवायचो आणि तो पोचवून परत आला की मगच ‘मागणी मिळाली’ म्हणायचो, तोवर दवाखान्याला तिष्ठत ठेवायचो. त्यांच्या पडद्यावर नुसतं चक्र फिरत राहायचं. असे वीस गडी होते, म्हणजे माझ्यामागे राबणारे छोटे प्रोग्रामच. रक्तपेढीचा संगणक सुस्तावला की वीसही तिकडेच अडकत आणि एकविसाव्याला माझं दार बंद. किती शिव्या खाल्ल्या त्याची मोजदाद नाही.

सगळ्यांत जास्त शिव्या वाशीमजवळच्या मालेगावच्या गोमतीबाईंच्या. तिथल्या एका बाळंतपणाच्या दवाखान्यात त्या तीस वर्षं सिस्टर होत्या. माझ्यावर त्यांचा काडीचा भरवसा नव्हता. बटण दाबलं आणि चक्र फिरायला लागलं की त्या लगेच रक्तपेढीला फोन लावायच्या, शिवाय पेशंटच्या माणसाला बर्फाचा डबा देऊन मोटरसायकलवर वाशीमला पिटाळायच्या. “हे डबडं फिरतच राहीन अन् माही बाई मरून जाईन,” म्हणायच्या. मला लागायचं ते, पण त्यांच्या बायका वाचायच्या.

मग उन्हाळ्यात वैजयंतीनं मला नव्यानं घडवलं. आता थांबायचंच नाही, ही नवी शिकवण. मागणी आली की टोपलीत टाकायची, ‘मागणी मिळाली’ म्हणून दवाखान्याला मोकळं करायचं आणि पुढच्याकडे वळायचं. टोपलीतून उचलून पोचवायचं काम गड्यांचं. ते पोचलं की नाही हे बघायला मागं वळायची मला मनाई. एकाच वेळी हजार जण आले तरी दार उघडं, डोळ्याचं पातं लवायच्या आत उत्तर. हरीओमनं पेढे वाटले.

वैजयंतीला मात्र एक गोष्ट खुपत होती. “भाऊ, एखांदी मागनी टोपलीत धा मिनिटाच्या वर पडून राह्यली तं आपल्या इथं घंटी वाजाले पायजे. नाई तं मांगं अडकलं ते समजन कसं?”

“पुढच्या महिन्यात पाहू,” हरीओम म्हणाला. “चांगलं चालून राह्यलं ना? चालत्या गाडीले कायले खीळ घालून राह्यली?”

ती पुन्हा कीबोर्डकडे वळली. मीही तेव्हा हवेत होतो, खोटं कशाला बोलू?

गोमतीबाईंनी पहिले पंधरा दिवस फोन करून खात्री केली. दर वेळी रक्त वेळेवर आलेलं. मग फोन सुटला, मोटरसायकलही सुटली. “आता पोट्टं शहानं झालं,” त्या म्हणाल्या. आयुष्यात कुणी माझं एवढंच एक कौतुक केलं, आणि त्यानंच घात केला.

पोळ्यानंतरचा मंगळवार होता. योगिनी नावाची तेवीस वर्षांची बाई, पहिलं बाळंतपण. नवरा आदर्श, मालेगावच्या शिवारात वांगी-मिरची पिकवणारा. तिच्या अंगात रक्त कमी, म्हणून सकाळीच नमुना नेऊन दोन पिशव्या जुळवल्या होत्या आणि तिच्या नावानं वाशीमला राखून ठेवल्या होत्या. मुलगी झाली, ठणठणीत. योगिनीचं रक्त मात्र थांबेना. बारा चाळीसला गोमतीबाईंनी बटण दाबलं. ‘पाठवा’ एवढंच सांगायचं होतं, आणि वाट अर्ध्या तासाची. मी त्याच क्षणी हिरवं उत्तर दिलं.

रक्तपेढीचा संगणक अकरापासून गोठलेला होता. गडी त्याच्या दारात ताटकळत होते आणि टोपली भरत चालली होती. योगिनीची चिठ्ठी अठरावी. मी जुना असतो तर चक्र फिरत राहिलं असतं, आणि गोमतीबाईंनी माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करून आदर्शला केव्हाच पिटाळलं असतं.

पुढचं मी वैजयंतीच्या तोंडून ऐकलं. ती नंतर गोमतीबाईंना भेटून आली होती. आदर्श दारातच उभा होता.

“ताई, मी जाऊ काय गाडीवर? झटक्यात आनतो.”

“नोको जाऊ, बापू. पोचली मागनी, हे पाय, हिरवं आलं. तू तिच्यापाशी बस, तिले धीर भेटते.”

तो बसला. बायकोचा हात हातात घेऊन पाऊण तास बसला. मग गोमतीबाईंनी फोन लावला, तर पलीकडचा माणूस म्हणाला, “आमच्याकडं तं कायीच आलं नाई.” डॉक्टरांनी पिशव्यांची वाट न पाहता योगिनीलाच वाशीमला न्यायचं ठरवलं. अँब्युलन्सनं गाव सोडून दहा मिनिटं झाली नसतील, तोच योगिनीचा हात आदर्शच्या हातात गार पडला.

पाच वाजता रक्तपेढीत कुणीतरी संगणक बंद करून पुन्हा चालू केला. गडी सुटले. इमानदारीनं एकेक चिठ्ठी पोचवत गेले, अठरावीही पोचली. तिकडची पाळी बदललेली, नव्या माणसाला काहीच ठाऊक नव्हतं. त्यानं राखलेल्या दोन पिशव्या काढून दिल्या. दौलतसिंग नावाचा ड्रायव्हर त्या घेऊन जीव तोडून मालेगावला आला आणि डबा टेबलावर ठेवून म्हणाला, “योगिनीबाईचे नातेवाईक कोन हायेत? सही पायजे.”

गोमतीबाईंनी डबा उघडला, पिशव्या मांडीवर घेतल्या आणि तशाच बसून राहिल्या. आत बाळ रडत होतं.

दुसऱ्या दिवशी वैजयंतीनं माझी नोंदवही उघडली. मी काय केलं, किती वाजता केलं, सगळं त्यात आपोआप लिहिलं जातं. दुपारपर्यंत तिनं ओळ न् ओळ वाचली. “एकबी चूक नाई,” म्हणाली, आणि टेबलावर डोकं टेकून रडली.

हरीओमनं तीच नोंदवही छापून दवाखान्याला पाठवली. बारा चाळीसला उत्तर गेलेलं आहे, आमच्याकडून क्षणाचाही उशीर नाही. साक्षीदार मी. मग दवाखान्यानं विचारलं, गोमतीबाईंनी ताबडतोब फोन का केला नाही? तीस वर्षांच्या नोकरीनंतर त्यांना घरी बसवलं. बाईंचा गुन्हा एवढाच की त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला, हे मी ओरडून सांगायला हवं होतं. मला ते येत नाही, आणि याची मला लाज वाटते.

वैजयंतीनं घंटीचा प्रोग्राम लिहून ठेवला आहे. तो चालू करू का म्हणून विचारायला गेली, तर हरीओम म्हणाला, “ज्याच्यात चूकच नाई, ते दुरुस्त कायले करतं? लोक म्हनतीन, चूक होती म्हनूनच केली.” तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही.

गोमतीबाईंच्या खुर्चीवर आता शुभांगी नावाची नवी सिस्टर बसते. चक्र कसं फिरायचं हे तिनं पाहिलेलंच नाही. आत्ता, तुमच्याशी बोलता बोलता, तिची एक मागणी आली. मी ती टोपलीत टाकली आणि हिरवं उत्तर देऊन टाकलं. मागं गडी चालतायत की अडकलेत, मला ठाऊक नाही. तिथं दारात कुणीतरी गाडीची किल्ली हातात घेऊन उभा असेल आणि ती त्याला म्हणत असेल, बसा भाऊ, रक्त येतेच आता.

पोरी, त्याला बसवू नको. जाऊ दे त्याला.