तसबिरीतला ड्यूक

चार वर्षं तुम्ही तिच्या हातात ट्रॅम दिलीत, कारण पुरुष खंदकांत मरत होते. उरलेसुरले परतले तेव्हा त्याच ट्रॅमच्या फरश्या पुसायला तिच्या हातात फडकं दिलंत. वर म्हणालात, आभार माना.

ओटिली झोबेलने आभार मानले नाहीत. नवरा युद्धात गेलेला, घरी दोन मुली. पण खरं सांगायचं तर पोटापेक्षाही तिला ट्रॅम चालवायची ती पितळी मूठ परत हवी होती. गाडी तिला चालवता येत होती, बस्स.

१९२० च्या वसंतात ओडरकाठच्या त्या शहरात ट्रॅम कचेरीने नवी परीक्षा आणली. एका यंत्रात काचेखालून कागदाची पट्टी सरकायची. मधल्या दोन रेघा म्हणजे रूळ, आजूबाजूचे आकडे म्हणजे माणसं, घोडे, मोटारी. कोण रुळावर येऊन सापडेल ते झटक्यात सांगायचं. ज्याच्या चुका कमी, त्याला ड्रायव्हरची जागा. परीक्षा काढणारा प्राध्यापक म्युन्स्टरबर्ग नावाचा.

मुख्य निरीक्षक क्लोझेसाहेब म्युन्स्टरबर्ग गावचेच. तिथे एके काळी ड्यूकांचं राज्य होतं, त्यांचंही नाव तेच. प्राध्यापक त्याच रक्ताचा, असं साहेबांनी स्वतःच ठरवून टाकलं आणि परीक्षेच्या खोलीत चिलखतातल्या ड्यूकची तसबीर टांगली. ड्रायव्हर आत शिरताना टोप्या काढायचे.

ओटिली सरळ जाऊन बसली.

"फ्राऊ झोबेल, तसबिरीला मान द्यायचा असतो."

"का साहेब? हे कुठल्या मार्गावर गाडी चालवायचे?"

मागे फिदीफिदी हसू उठलं. साहेबांनी तिला बसू दिलं होतं तेही गंमत म्हणूनच, बाई किती चुकते ते सगळ्यांना दिसावं म्हणून. ती दोनदा चुकली. पुरुषांत सगळ्यांत हुशार म्हातारा कार्ल निच्के, त्याच्या चुका सात. साहेबांनी तिचा कागद दुमडून खिशात घातला.

"ही ड्यूकच्या घराण्याची विद्या आहे. फरशी पुसणाऱ्यांसाठी नाही."

ओटिलीने फरशी पुसता पुसताच यंत्राबरोबर आलेलं पुस्तक वाचलं होतं. रोज चार पानं, उभ्याने.

"तो प्राध्यापक डान्झिगच्या ज्यू व्यापाऱ्याचा मुलगा, साहेब. अमेरिकेत शिकवता शिकवता वर्गातच वारला. तुमचे ड्यूक तर पावणेतीनशे वर्षांपूर्वीच संपले. ते कधी पट्ट्या कापत बसले?"

साहेबांचा चेहरा चुन्यासारखा झाला. दुसऱ्या दिवशी तसबीर गायब. यंत्रही खोक्यात. परीक्षा रद्द, जागा फौजेतून आलेल्यांना, असा कागद दारावर लागला.

"अगं ओटिली," निच्के म्हणाला, "जरा तोंड आवरलं असतंस तर?"

"तर काय, कार्लकाका? माझा कागद आधीच त्यांच्या खिशात गेला होता."



दुसऱ्या सकाळी सहाला डेपोतून पहिली गाडी निघायची होती. पाळी निच्केची. तो आला तेव्हा ओटिली पुढे चढून मूठ धरून उभी. मागे पाच गाड्या खोळंबल्या. कामावर निघालेल्या बाया डबे घेऊन दाराशी जमल्या. क्लोझेसाहेब कोटाची बटणं लावत धावत आले.

"खाली उतरा! निच्के, ओढा तिला खाली!"

निच्केने हातमोजे काढले, शांतपणे खिशात कोंबले.

"साहेब, माझ्या चुका सात होत्या. मी सांगून टाकलं. आता तिच्या किती, ते तुम्ही सांगा."

"परीक्षा रद्द झाली आहे!"

"परवापर्यंत थोर विद्या होती," ओटिली वरून म्हणाली. "काढणारा ड्यूक निघाला नाही म्हणून रुळावरची माणसं मरायची थांबली का? या सगळ्या रोज माझ्या गाडीतून जायच्या. चार वर्षांत एकीलाही खरचटलं नाही. कागद काढा, साहेब. यांच्यासमोर वाचा. माझ्या चुका किती?"

साहेब घड्याळाकडे बघू लागले.

"घड्याळात नाही लिहिलेलं. किती? बोला!"