पंचाक्षरी अप्पांचा शेवटचा ठसा

मित्रांनो, मी एक जुना लाकडी ठसा आहे. वरपासून खालपर्यंत माझ्या अंगात एक तडा गेला आहे आणि त्या तड्यात एक काळपट डाग मुरला आहे. ठशाच्या अंगावर डाग असला की लोकांना वाटते, शाईचा असेल. हा शाईचा नाही.

किनवटच्या रानात मी हेदूचे झाड होतो. हेदूचे लाकूड पिवळसर आणि दाट. कुऱ्हाडी पडल्या तेव्हा माझ्यावर पाखरांची घरटी होती, ती माझ्याबरोबरच खाली आली. पुढे मला करवतीखाली घातले. फळ्या करतात तसे लांबीत फाडले नाही, काकडीच्या चकत्या कापतात तसे आडवे कापले. खोडाच्या अशा आडव्या कापावर केसाएवढी बारीक रेघही टिकते. चकत्या सावलीत वाळवल्या, चौकोनी करून सरसाने जोडल्या, आणि पाठीला बाभळीची जाड फळी ठोकली. ते खिळे अजून माझ्या पाठीत आहेत. विटेएवढे वजन मला त्या फळीमुळे आले. ते वजन नसते तर बरे झाले असते, असे मला पुढे फार वेळा वाटले.

मला घडवणारे पंचाक्षरी अप्पा गदगचे. तिथल्या छापखान्यात ते ठसे कोरायला शिकले. घराच्या वाटणीत सख्ख्या भावाने त्यांच्या डोक्यात पहार घातली. कपाळावरची ती खोक घेऊन, गाड्या बदलत, ते उदगीरला उतरले. स्टेशनाबाहेर एका छापखान्याच्या पाटीवर मराठीखाली कानडी अक्षरे दिसली, म्हणून आत शिरले आणि तिथेच राहिले. मराठी त्यांना चांगली येऊ लागली, तरी मोंढ्यातले, म्हणजे धान्याच्या बाजारातले, लोक त्यांना कायम ‘कानडी अप्पा’ म्हणत. त्यात प्रेम होते. पण भांडण निघाले की तोच शब्द निराळा ऐकू येई.

अप्पांनी माझ्या अंगावर पहिल्यांदा कोरला तो सुगरण पक्षी. तूरडाळीच्या गोणीवर लावायच्या कागदांसाठी. वाळू भरलेल्या चामड्याच्या गादीवर मला ठेवून ते कोरणी एका जागी धरत आणि मलाच फिरवत. जे कोरले ते पांढरे उमटते, जे राहिले ते काळे. आणि ठशावर सगळे उलटे असते. उजवे डावीकडे, डावे उजवीकडे. कागदावर छाप निघाला की ते सुलटे होते. अप्पांची मुलगी दीपमाला हे सारे खेळता खेळता शिकली. आईवेगळी पोर, शाळा सुटली की छापखान्यातच असे. अप्पांचा दाढीचा आरसा घेऊन ती माझ्यासमोर बसे आणि सुगरणीला या झाडावरून त्या झाडावर बसवी. अप्पा तिला ‘अव्वा’ म्हणत. त्यांच्या मुलखात आईला तसे म्हणतात आणि लाडक्या लेकीलाही.

माझी सुगरण कितीतरी गावांना गेली. मग रंगीत छपाईची यंत्रे आली आणि ठशांचे काम संपले. माझे भाऊबंद सरपणात गेले. मी दाराला अडकण म्हणून पडून राहिलो. येणाजाणाऱ्यांच्या चपला मला लागत.

पण अप्पांची कोरणी थांबली नाही. पोटासाठी ते लग्नपत्रिका छापत, आणि उरल्या वेळात आजूबाजूच्या काम करणाऱ्या लोकांची चित्रे कोरत. पाठीवर पोते घेतलेला हमाल, सांडलेली तूर झाडून गोळा करणाऱ्या बाया, दाळमिलच्या धुळीत पापण्यासुद्धा पिवळ्या झालेला मजूर. ग्यानोबा हमालाचा अपघातही त्यांनी कोरला. ग्यानोबा तेव्हा मिलमध्ये होता. चालत्या पट्ट्यात त्याचा उजवा हात गेला आणि बाहेर आला तेव्हा त्याला अंगठा आणि करंगळीच उरली होती. तेव्हापासून तो सगळे डाव्या हाताने करी, गोणीत हूकही डाव्यानेच मारी. मोंढ्याने त्याचे नाव ‘डावरा’ पाडले. अपघात लोक विसरले, नाव राहिले.

हमाल छापखान्यात येऊन भिंतीवरचे छाप बघत. बजरंग नावाचा एक तरणा हमाल तर अप्पांच्या मागेच लागला होता.

“अप्पा, मला काढा की. पर नाक जरा सरळ काढा. सोयरीक चालू हाय.”

“नाक देवानं काढलंय,” अप्पा म्हणाले. “मी फक्त छापतो.”

ठसा मात्र अप्पा कुणाला दाखवत नसत. छाप निघण्याआधी ठसा दाखवायचा नाही, ही त्यांच्या गुरूची शिस्त होती. त्यामुळे मोंढ्यातल्या लोकांनी छाप शेकडो पाहिले, पण ठसा कधी पाहिला नाही. एका शिस्तीमुळे केवढा अनर्थ झाला, ते आता ऐका.

तुरीचा हंगाम होता. मोंढ्यात ट्रकांची रांग लागली होती. कोणता ट्रक कोणत्या टोळीने उतरवायचा यावरून हमालांच्या दोन टोळ्या भिडल्या. आधी शिव्या, मग ढकलाढकली, मग हातात असेल ते. धुळीसाठी सगळ्यांनी तोंडाला पंचे बांधलेले, त्यामुळे कोण कुणाला मारतो ते कळेना. मोबाईल सगळ्यांच्या खिशात होते, पण मारामारीत हात मोकळा कुणाचा असतो? त्या गर्दीत कुणाचा तरी हूक बजरंगच्या मानेत शिरला. ओढून काढला तेव्हा रक्ताची चिळकांडी तुरीच्या पोत्यांवर उडाली. तो पोत्याला टेकून बसला आणि बसल्या जागी गेला.

अप्पांनी हे छापखान्याच्या खिडकीतून पाहिले. ते पोलिसांकडे गेले नाहीत. परक्या मुलखातल्या माणसाने कुणाविरुद्ध तोंड उघडायचे म्हणजे काय, हे त्यांच्या कपाळावरची खोक त्यांना सांगत होती. पण गप्पही बसवेना. त्यांनी दाराजवळून मला उचलले. रंधा मारून माझी सुगरण सोलून काढली. मी नवा, नितळ झालो. मग माझ्यावर काळी शाई फिरवून ते कोरू लागले. त्यांची कोरणी इतक्या रागाने माझ्यात कधीच शिरली नव्हती. ट्रक, फाटलेली पोती, मान टाकलेला बजरंग, आणि पंचा बांधलेला एक माणूस, हूक उगारलेला. काम होताच त्यांनी रेघांत खडूची पूड चोळली. काळ्यावर पांढरे चित्र लख्ख उठले. छाप काढायला चांगला कागद नव्हता, तो आणायला ते बाहेर पडले.

तेवढ्यात नरहरी आत आला. नरहरी म्हणजे बजरंगचा थोरला भाऊ. भावाचे एखादे चित्र मिळते का, ते विचारायला आला होता. गादीवर मी होतो.

तो बराच वेळ माझ्याकडे बघत उभा राहिला. मग त्याचे बोट माझ्या अंगावरच्या हुकावर आले.

“डावा,” तो म्हणाला. “डावऱ्यानं मारलं.”

मित्रांनो, मला तोंड असते तर त्या क्षणी मी ओरडलो असतो. नरहरीने माझा फोटो काढला. पाहता पाहता तो फोटो साऱ्या मोंढ्याच्या मोबाईलवर पोचला. मला काखोटीला मारून तो बाहेर पडला. त्याच्यामागे माणसे वाढत गेली, आणि प्रत्येकाने वाटेत काहीतरी उचलले.

ग्यानोबा त्या वेळी पत्र्याच्या खोलीबाहेर भाकरी खात होता. बायको तुळजाबाई त्याला वाढत होती. त्याला उठूही दिले नाही. ताट उडाले. काठ्या पडू लागल्या. डोके वाचवायला त्याने डावा हात वर केला, तर तोच हात धरून दगडावर ठेवला आणि वरून पहार घातली. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. लाकूड मोडल्यासारखाच असतो तो. तुळजाबाई अंगावर पडली, तिला केसाला धरून बाजूला फेकले. “न्हाई ओ, ह्यो तवा पोत्याच्या थप्पीवर व्हता,” असे ती म्हणत होती, आणि ऐकणारे कुणी नव्हते.

तेव्हा अप्पा आले. हातात कागदाची गुंडाळी, धापा टाकत. ते गर्दीत घुसले आणि ग्यानोबावर आडवे झाले.

“ठसा उलटा असतो,” ते सांगू लागले. “छाप काढा. आधी छाप काढा.”

“कानडी म्हातारा फितूर झाला,” मागून कुणीतरी म्हणाले.

नरहरीच्या हातात मी होतो. त्याने मला दोन्ही हातांनी उचलले. अप्पांनी मान वर केली आणि मग मराठी त्यांना सोडून गेली. “ब्याड,” ते म्हणाले, “ब्याड, अप्पा, ब्याड.” त्यांच्या कानडीत याचा अर्थ, नको रे बाबा, नको.

जिथे जुनी खोक होती तिथेच मी आदळलो. माझा सांधा फुटला तो तेव्हा. ज्या हातांनी मला जपून फिरवले, ते हात माझ्याखाली एकदा थरथरले आणि थांबले.

गर्दी पांगायला वेळ लागला नाही. तुळजाबाईने मला पदराखाली घेतले आणि नेऊन ज्वारीच्या कणगीत पुरले. कागदावर नोंद झाली ती अशी, की म्हातारा चेंगराचेंगरीत पडून मेला. आणि ग्यानोबा लातूरच्या दवाखान्यात पडला होता. मोडलेला हात प्लॅस्टरमध्ये, खाटेशेजारी पोलीस, आणि नावावर बजरंगचा खून.

दीपमाला आता नांदेडला शाळेत शिकवते. वडिलांचे दिवस करायला ती आली होती, तेव्हा तुळजाबाई मला फडक्यात गुंडाळून तिच्याकडे घेऊन आली. कशाने काय झाले, ते तिने सगळे सांगितले. दीपमालाने फडके सोडले नाही. मला न्हाणीतल्या बंबाशेजारी ठेवले, सरपणाच्या ढिगावर. रोज पाणी तापवताना तिचा हात माझ्यापर्यंत येई आणि शेजारचे ढलपे उचली. मला बंबात घातले असते, तरी मी तिला दोष दिला नसता.

जायच्या आदल्या दिवशी तुळजाबाई पुन्हा आली. बंबाशेजारी मला पाहिले आणि खालीच बसली.

“जाळायचं तर जाळ, माय,” ती म्हणाली. “पर अप्पा म्हनून राहिले व्हते, आधी छाप काढा. तेवढं काढ, मग जाळ.”

दीपमालाने फडके सोडले. ठसा वाचायला तिला आता आरसा लागत नाही. एका नजरेत तिला कळले. मग तिचे लक्ष तड्याकडे गेले आणि तिने डोळे मिटले. डाग तिने पुसला नाही. कडेकडेने शाई लावली, वर कागद ठेवला आणि अप्पांच्या स्टीलच्या चमच्याच्या पाठीने घासू लागली, ते घासत तसे मधून बाहेर. कागद उचलला. बजरंग तसाच होता. हूक उजव्या हातात होता, आणि त्या हाताची पाचही बोटे मुठीत आवळलेली होती.

दुसऱ्या दिवशी ट्रक लागायच्या वेळी तिने तो छाप मोंढ्याच्या भिंतीवर डकवला आणि मला हातात धरून शेजारी उभी राहिली. हमाल जमले. नरहरीही आला. तिने मला त्याच्यापुढे धरले.

“ही रेघ बघा, आणि कागदावर ती कुठं आलीय ते बघा.”

नरहरीने आपले दोन्ही हात वर केले. एकदा माझ्याकडे बघे, एकदा कागदाकडे, आणि हात बदलत राही. मग ते हात खाली आले.

“ग्यानोबाला उजव्यात बोटंच न्हाईत,” तो म्हणाला. जणू आत्ताच कळले.

“हे अप्पांनी सांगितलं असतं,” दीपमाला म्हणाली. “विचारायचं होतं.”

मग मागे उभा असलेला एक जण म्हणाला, की मीही पाहिले होते, उजवाच होता. त्याच्यामागे दुसरा बोलला, तिसरा बोलला. भीतीने गिळलेले सगळे बाहेर आले, हूक मारणाऱ्याचे, ग्यानोबाच्या टोळीचा मुकादम रामलिंग याचे, नावही. नरहरी मात्र बोलणाऱ्यांत नव्हता. तो तिथून सरळ पोलीस ठाण्यात चालत गेला आणि म्हणाला, ठसा माझ्या हातात होता.

पोलिसांनी दीपमालाला सांगितले, की कागदावर भरवसा ठेवता येत नाही, मूळ ठसा लागेल, आणि गेला की कधी परत मिळेल ते सांगता येत नाही. वडिलांच्या हातचे शेवटचे काम तिच्याकडे एवढेच होते. तुळजाबाईच म्हणाली, नको देऊ, पोरी. दीपमालाने मला एकदा उराशी धरले आणि टेबलावर ठेवले. ग्यानोबाच्या खाटेशेजारचा पोलीस उठला. ग्यानोबाचा डावा हात मात्र पुन्हा वळला नाही.

आता मी पोलिसांच्या मालखान्यात आहे. मला कापडात शिवून वर लाखेचा शिक्का मारला आहे. शेजारी काठ्या, कोयते, एक पहार. पावसापाण्यात इथे ओल येते आणि माझा तडा थोडा थोडा रुंदावतो. खटल्याच्या तारखेला दीपमाला येते. दारातल्या शिपायाला तिचे एकच सांगणे असते, त्याला भिंतीपासून जरा लांब ठेवा.

मित्रांनो, आडव्या कापाचे लाकूड उन्हात तडकते आणि ओलीत फुगते. तुमच्या घरात एखादा जुना ठसा असेल तर त्याला सावलीत ठेवा, कोरड्या फडक्याने पुसा, दाराला लावू नका. आणि कधी कुणावर हात उगारावासा वाटला, तर हातात काय आहे ते एकदा बघा. कदाचित तो अजून न छापलेला ठसा असेल. आधी छाप काढा. नाहीतर ज्याने तो कोरला त्याला विचारा, तो बोलू शकतो आहे तोवर.

अप्पांच्या या शेवटच्या चित्राचा छाप माझ्यावरून एकच निघाला. तो नांदेडला दीपमालाच्या भिंतीवर आहे. त्याच्या मधोमध एक पांढरी रेघ आहे. ती अप्पांनी कोरलेली नाही.