काचेमागचं माणूस

बोझेना खोपटासारख्या बंदिस्त मचाणावरून खाली आली तेव्हा तिच्या केसांत लाकडाच्या कपच्या होत्या आणि तोंडात शिव्या. साठी उलटलेली बाई, पण चार मीटरची शिडी तिने पोरीसारखी उतरली. मघाशी मचाणाच्या फळीत एक गोळी घुसली होती, तिच्या खांद्यापासून वीतभर अंतरावर. बोझेना तशीच मचाणाच्या तळाला पालथी पडली आणि पडल्यापडल्या तिने दुसरा बार ऐकला.

कापलेल्या मक्याच्या शेतापलीकडे उंच बांधावर टॉर्चचा उजेड हलत होता. ती ओरडत, हातातली बॅटरी नाचवत तिकडे निघाली. पाहते तर तिचाच जावई! नोर्बेर्त मेलेल्या रानडुकरापाशी गुडघे टेकून बसला होता आणि त्याच्या जबड्यात ओकची डहाळी ठेवत होता. जनावराला शेवटचा घास द्यायची शिकाऱ्यांची जुनी रीत. सासूला मारता मारता राहिलेला माणूस डुकराला घास भरवत होता.

"आई! तुम्ही कुठून आलात?" तो हसत उठला आणि दुसरी डहाळी त्याने पुढे केली. ही वडीलधाऱ्याने शिकाऱ्याच्या हातात द्यायची, म्हणजे तो ती टोपीत खोवतो. "वेळेवर आलात. द्या बघू, मानाने."

बोझेनाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"देते हं. आधी माझ्या केसांतल्या कपच्या वेच, मेल्या! मचाणावर होते मी!"

नोर्बेर्तचा चेहरा क्षणभर पांढरा पडला. पण क्षणभरच. "शक्यच नाही. मी बघितलं होतं. मचाण काळंठिक्कर होतं. अहो, या थर्मल दुर्बिणीत दोनशे मीटरवरचा उंदीर दिव्यासारखा दिसतो, तुम्ही नसता दिसलात?"

"आणि वही? वही वाचलीस?"

वही जंगलाच्या तोंडाशी, छपराखाली असते. कोण कुठे बसणार हे ज्याने त्याने लिहूनच आत जायचं. सात नंबर, मचाण, असं बोझेनाने लिहिलं होतं. तिच्या ओळीखाली नोर्बेर्तने आपली ओळ लिहिली होती, आठ नंबर. वरची ओळ वाचायचे कष्ट त्याने घेतले नव्हते.

"वही कशाला वाचायची? रिकामं दिसतच होतं ना," तो म्हणाला.

"आणि बांधाच्या माथ्यावरचं डुक्कर खालून टिपलंस. चुकलेली गोळी अडवायला मागे माती कुठे होती? आभाळ होतं आणि मी होते!"

नोर्बेर्तने डहाळी स्वतःच्याच हाताने टोपीत खोवली. बोझेनाने चाळीस वर्षांत असं करताना कुणाला पाहिलं नव्हतं.

रविवारी शिकारी मंडळाची बैठक झाली. बोझेनाचं मागणं एकच होतं: नोर्बेर्तची रात्रीची शिकार बंद करा, आजपासून. मंडळाचा प्रमुख रिशार्द पोट सांभाळत उठला. यंदा नोर्बेर्तने एकतीस डुकरं मारली होती. शेतकरी त्याचं नाव घेत होते आणि मंडळ त्या नावावर मिरवत होतं.

"बोझेनाबाई, देव तारी त्याला कोण मारी," रिशार्द म्हणाला. "झालं ते झालं. घरचाच पोरगा आहे."

"देवाने तारलं म्हणून याने मारायचं होय?"

"तसं नव्हे हो. पण एक विचारू? तुम्ही नक्की बसूनच होतात ना? नाही, वय झालं की डुलकी लागते. आडव्या झाल्या असाल, म्हणून दिसल्या नसाल."

मागच्या बाकावर दोघेतिघे फिसकन हसले. नोर्बेर्तही हसला, आणि ते तिला गोळीहून जास्त लागलं. चोर तो चोर, वर शिरजोर! ज्यांना तिने नेम धरायला शिकवलं तेच आज तिला झोपाळू म्हातारी ठरवत होते. निर्णय पुढच्या रविवारवर गेला. तोवर नोर्बेर्त शनिवारी पुन्हा आठ नंबरला बसणार होता.

घरी तिची मुलगी किंगा कोबी चिरून मीठ लावत होती. "आई, पुरे आता," ती न बघताच म्हणाली. "त्याने बघितलं म्हणतोय तर बघितलंच असेल. माझं घर का मोडतेस?"

"तुझं घर मोडते? माझं डोकं फुटलं असतं!"

बोझेनाने फडताळावरची नोर्बेर्तची हातात धरायची थर्मल दुर्बीण उचलली. हीच घेऊन तो आधी रान चाचपायचा, मग बंदुकीला हात लावायचा. अंगणात कुत्रा बसला होता, स्वयंपाकघराच्या खिडकीतून स्वच्छ दिसत होता. तिने दुर्बीण लावली. कुत्रा नाहीच. नुसती काळी काच. तिने खिडकी उघडली, पुन्हा लावली, आणि कुत्रा पांढराशुभ्र होऊन कान खाजवताना दिसला. त्या रात्री थंडी होती म्हणून मचाणाच्या सगळ्या काचेच्या खिडक्या तिने बंद केल्या होत्या.

"बघ," तिने किंगाला दाखवलं. "हिला उष्णता दिसते. काचेपलीकडची नाही दिसत. चार वर्षं ही वस्तू घेऊन फिरतोय आणि एवढं त्याला ठाऊक नाही!"

किंगाने बघितलं. तिचा चेहरा पडला, पण नवऱ्याची बाजू काही सोडवेना. "घरातली काच जाड आहे. मचाणात मी असले तर त्याला दिसेनच."

"मग बस जाऊन. त्याच्याकडे बंदूक नसेल, ते मी बघते."

"बसते. आणि दिसले तर त्याची माफी मागायची, सगळ्यांसमोर."

शुक्रवारी दुपारी, ढगाळ उजेडात, बोझेनाने रिशार्दला आणि मंडळाच्या पाचसहा जणांना बांधावर बोलावलं. बंदुका गावातच ठेवायला लावल्या, शिवाय प्रत्येकाच्या गाडीत स्वतः डोकावून खात्री केली. नोर्बेर्त आला तो टोपीत तीच वाळलेली डहाळी घेऊन. मचाणाच्या बंद काचांत राखाडी आभाळाचं प्रतिबिंब होतं, आतलं काही दिसत नव्हतं.

"बघ," बोझेना म्हणाली. "आहे का कुणी?"

"आई, हा काय पोरखेळ?"

"बघ म्हणते ना!"

त्याने दुर्बीण लावली. सावकाश, डावीकडून उजवीकडे, जसं तो नेहमी करायचा.

"रिकामं आहे."

"नीट बघ. रात्र असती आणि डुक्कर इथे बांधावर असतं, तर बार काढला असतास?"

"काढला असता." तो रिशार्दकडे वळला. "यांना माझ्यावर सूडच उगवायचाय. मचाणात कुणीही नाही. पोरांची शपथ."

बोझेना मचाणाकडे वळली. "किंगा! उघड!"

खिडकी उघडली. नोर्बेर्तची दुर्बीण अजून डोळ्यालाच होती. काळ्या चौकटीत एकदम पांढरं डोकं उमटलं, मग खांदे, मग हात. त्याने दुर्बीण खाली घेतली. त्याची बायको खिडकीत ओणवी होऊन त्याच्याकडे बघत होती.

"मी हात हलवत होते रे," ती वरून म्हणाली. तिचा आवाज फाटला होता. "तू इकडे बघत होतास ना, तेव्हा दोन्ही हात हलवत होते मी!"

कुणी हसलं नाही. बोझेनाला वाटलं होतं की आता बरं वाटेल. कसलं बरं! तिला त्याच्या कानाखाली ओढायची होती.

नोर्बेर्तने टोपी काढली. डहाळी उपटली आणि तिच्यापुढे धरली.

"मला नको ती," बोझेना म्हणाली. "खाली जा. वहीतली माझी ओळ वाच. मोठ्याने वाच, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. मग बंदुकीच्या कपाटाची किल्ली रिशार्दकडे दे."

तो निघाला. पण वहीकडे नव्हे, आधी मचाणाकडे. शिडीपाशी जाऊन तो किंगाला उतरवायला हात वर करून उभा राहिला. किंगा बराच वेळ खाली आली नाही.