वेशीचा उंबरा

तासाभरात एकोणतीस माणसं ठेचकाळली, आणि एकोणतीसही जण "सॉरी" म्हणाले.

भुयारी स्टेशनासमोरच्या बाकावर जेवणाचा डबा न उघडताच ती बघत बसली होती. माणसं जिना चढून वर येत. शेवटून सातव्या पायरीला बूट अडे, मान खाली जाई, उजवा हात पुढे होई आणि ओठांतून तो शब्द निघे. समोर कोणीच नसे. रोजची माणसं मात्र ठेचकाळत नसत. ती मधली जागा सोडून कडेकडेने जात.

हा जिना तिनेच कागदावर काढला होता. स्टेशनासाठी शहराची जुनी वेस पाडली, तेव्हा साहेब म्हणाले, की यापुढे हे प्रवेशद्वारच शहराची वेस. निदान जुना उंबरा तरी या जिन्यात पायरी म्हणून बसवू, असंही तेच म्हणाले. उंबरा मध्ये खोलगट झिजला होता. मिस्त्रीने झिजलेली बाजू खाली घातली, खळग्यात सिमेंटचा मसाला भरला आणि संध्याकाळी तिला बोलावून सांगितलं, "ताई, हा दगड टाकी घेत नाही, तासता येत नाही. अर्धं बोट वर राहील."

लेकीचं पाळणाघर सहाला बंद व्हायचं. पावणेसहा झाले होते.

"राहू द्या," ती म्हणाली आणि सही करून मोकळी झाली.

घरातल्या टेबलाच्या चारही कोपऱ्यांना तिने स्पंज चिकटवला होता. द्राक्षंसुद्धा चिरून देत असे. नवरा हसायचा, म्हणायचा, हिचं चाललं तर ही जमिनीलाही गादी घालील. आणि अख्ख्या शहराच्या दारात तिनेच ठेच मांडून ठेवली होती. कुणी जोरात पडलं तर? पण सांगायचं म्हणजे नोकरीवर पाणी. दोन महिने तिने तोंड मिटून ठेवलं.

शनिवारी लेकीला घेऊन ती त्याच जिन्याने वर येत होती. चार वर्षांच्या त्या चिमुरडीचं मनगट तिने घट्ट धरलं होतं. सातवी पायरी आली. ती काही बोलायच्या आत लेकीने पाय चांगला उंच उचलला, आईला कठड्याकडे ओढलं आणि दबक्या आवाजात म्हणाली, "आई, जागा दे ना."

"कुणाला गं?"

"सगळे देतात," लेक म्हणाली. एवढं साधं आईला कसं कळत नाही, असा तिचा चेहरा होता.

सोमवारी ती साहेबांपुढे उभी राहिली. त्यांनी आधी थट्टेवारी नेलं. वेशीत मान लवली तर बिघडलं काय, म्हणाले. तिने मापं पुढे ठेवली आणि चूक माझी, असं लेखी देते म्हणाली. तेव्हा त्यांनी चष्मा काढला.

"लेखी दिलंत तर मला तुम्हाला ठेवता येणार नाही."

"माहीत आहे," ती म्हणाली, आणि तिथेच उभ्याने कागद लिहिला.

मिस्त्रीने दोरी बांधून जिना अडवला आणि पहारीने उंबरा उचकटला. दगड उलटा झाला तसा तो बघतच राहिला. मग त्याने तिला हाक मारली. "मसाला गच्च भरला होता, ताई. माझ्या हाताने." खळगा स्वच्छ होता, झाडून ठेवल्यासारखा. शिवाय गुळगुळीत, अगदी परवापर्यंत पावलं पडत असल्यासारखा. नवी पायरी बसली. तिने तीनदा पट्टी लावली. माप तंतोतंत होतं.

नोकरीच्या शेवटच्या दिवशी पाळणाघरातून लेकीला घेऊन ती पुन्हा त्या बाकावर बसली. कोणी ठेचकाळलं नाही. कोणी सॉरी म्हणालं नाही. माणसं बिनदिक्कत मधूनच जात होती. तिला हायसं वाटायला हवं होतं. पोर मात्र खालमानेने चप्पल घासत होती.

"आता कुठे जायचं त्यांनी?" लेकीने विचारलं.

तिने घरी चल म्हटलं. पिशवीत तिची पट्टी, पेन्सिलींचा डबा आणि लेकीची पाण्याची बाटली होती. इमारतीचे जिने चढून दोघी घराच्या दारापाशी आल्या. कुलूप काढून तिने आत पाऊल टाकलं आणि पायाचा अंगठा अडला. दाराला उंबरा नव्हताच. सगळीकडे सपाट फरशी होती. उजवा हात आपोआप पुढे झाला.

"सॉरी," ती म्हणाली.

मागून लेक आली. तिने पाय उंच उचलला आणि चौकटीला अंग चिकटवून कडेने आत शिरली.

जिन्यात कोणी नव्हतं. शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली. पिशवी खांद्यावर तशीच ठेवून ती दार धरून उभी राहिली. बरोबरचं माणूस मागे राहिलं असेल, तर जेवढा वेळ धरतात, तेवढा वेळ. मग तिने हळूच दार लावून घेतलं.